बडोद्यात बदली झाली, पण घर कुठे घ्यायचं?

नवऱ्याला मंजुसर जीआयडीसीत (गुजरातची एमआयडीसी) नोकरी मिळाली आणि तीन आठवड्यांनी मला मकरपुऱ्यात. दोन्ही बडोद्यातच. पुण्यात आम्ही दोघं दोन टोकांना जात होतो, रोज रात्री आठला घरी, त्यामुळे आम्हाला वाटलं की बडोदं छोटं शहर आहे, आता सुटलो. मग एका रात्री पोरगी झोपल्यावर नकाशा उघडला. मंजुसर शहराच्या उत्तरेला, सावली रोडवर, शहराच्या पार बाहेर, आणि मकरपुरा दक्षिणेला. मधे अख्खं बडोदं.

तेव्हा आम्ही तेच केलं जे बहुतेक दोन नोकऱ्यावाली जोडपी करत असतील, दोन्ही ऑफिसांवर बोट ठेवलं आणि मधोमध काय येतं ते बघितलं. मधोमध आला आजवा रोड, वाघोडिया रोड तो पट्टा. हायवे शेजारी, तिकडून दुमाड चोकडीमार्गे (चोकडी म्हणजे चौक) तो वर जाणार, मी तरसालीकडे खाली येणार, दोघांनाही साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं. कोणावर अन्याय नाही. आम्ही दोघंही कमावतो, दोघांच्या नोकऱ्या सारख्याच महत्त्वाच्या, हे आमच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं, म्हणून ते मधलं घर मला अगदी बरोबर वाटत होतं.

माझी आत्या दांडिया बजारात राहते. लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली, चाळीस वर्षांच्या वर झाली, तिचं मराठी आता पाऊण मराठी पाव गुजराती आहे. तिला फोन केला, म्हटलं आत्या, वाघोडिया रोडला घर बघतोय. तिने भाडं विचारलं नाही, वन बीएचके का टू बीएचके विचारलं नाही. ती म्हणाली, "अगं, भर पावसात सकाळी अकराला शाळेतून फोन आला की छोकरीला घेऊन जा, तर कोण जाणार ते सांग आधी. मग घर बघ."

मी म्हटलं कोणीतरी जाऊच ना.

"कोणीतरी म्हणजे कोण? तुम्ही दोघं पस्तीस मिनिटं लांब. मधोमध घर घेतलंस तर दोघंही सारखेच लांब, असंच ना?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. त्या रात्री नवऱ्याला सांगितलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला की आपण घराचं अंतर मोजतोय ऑफिसपासून, आणि तिची शाळा कुठे असणार ते अजून कागदावरच नाही. खरंच नव्हतं. आम्ही घर आधी आणि शाळा नंतर असं धरून चाललो होतो.

मग फेब्रुवारीत पाच दिवसांची रजा काढून आलो, आत्याकडेच उतरलो, सासूबाईंनाही आणलं कारण त्या आमच्याबरोबरच राहणार होत्या आणि त्यांच्या गुडघ्यांना काय झेपेल हे त्यांनी बघितल्याशिवाय ठरवणं बरं नव्हतं.

सगळ्यात आधी भायली. बडोद्यात येणाऱ्या कोणालाही विचारा, ऑफिसात, ओळखीत, प्रत्येकजण वासणा-भायलीच सांगतो. आणि का सांगतात ते तिथे गेल्यावर दिसतं. रुंद रस्ते, नवे टॉवर, खाली मुलांना खेळायला जागा, जवळपास चांगल्या शाळा, संध्याकाळी रस्त्यावर बाबागाड्या आणि सायकली. भायली, सेवासी, बिल ही सगळी गावंच होती, २०२० मध्ये सात गावं महापालिकेत घेतली त्यात ही आली, त्यामुळे एका टॉवरसमोर अजून शेत आहे आणि शेतात म्हशी आहेत, पोरगी तिथेच रमली. मला जागा आवडली, खोटं कशाला बोलू. पण आत्याच्या प्रश्नासमोर ती टिकेना. भायली नदीच्या पश्चिमेला आणि रेल्वेलाइनच्याही पश्चिमेला, आमच्या दोन्ही नोकऱ्या रेल्वेच्या पलीकडे. म्हणजे घरी पोचायला दोघांनाही रेल्वे ओलांडायची आणि मला विश्वामित्री नदीही. कोरड्या दिवशी पूल आहेत, हरकत नाही. पावसात काय होतं ते आत्याने आम्हाला गाडीत बसवून दाखवलं, म्हणजे जागा दाखवल्या, पाऊस नव्हता. स्टेशनजवळचं अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा बोगदा, जिथे दोन मोठ्या सरी आल्या की पाणी भरतं आणि ट्रॅफिक दुसरीकडे वळवतात. मग अकोट्याकडचा भाग, मुजमहुडा.

हे नवीन येणाऱ्याला कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण बडोद्यात घर बघायचं तर नदी आधी समजून घ्यावी लागते. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते, उत्तरेकडून शहरात शिरते, समा, कमाटीबाग, अकोटा, मुजमहुडा असं वळत वळत वडसरकडे खाली जाते. नेहमी बघाल तर नाल्यासारखी, हिरवं पाणी, काठावर मगरी पहुडलेल्या. शहराच्या मधे मगरी असलेली नदी, पोरीला आधी खरंच वाटलं नाही. वरच्या बाजूला आजवा सरोवर आहे, सयाजीरावांच्या काळात शहराला पाणी देण्यासाठी बांधलेलं, अजूनही तिथलं पाणी शहर पितं. वर जोरदार पाऊस झाला आणि आजवा भरलं की पाणी नदीत येतं, आणि शहरातही त्याच वेळी पाऊस चालू असला की नदीला ते मावत नाही. म्हणून पावसाळ्यात इथे लोक एकमेकांना दोनच आकडे विचारतात, आजवा किती आणि काळा घोडा किती. काळा घोडा म्हणजे सयाजीगंजजवळच्या पुलापाशी नदीची पातळी. भाजीवाल्यापासून बँकेतल्या माणसापर्यंत सगळ्यांना ते आकडे तोंडपाठ असतात.

२०१९ मध्ये ३१ जुलैला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला होता. आणि २०२४ चा पूर तर आम्ही घर बघायला गेलो तेव्हा अजून भिंतींवर होता. जन्माष्टमीच्या दिवसांतला, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. धोक्याची पातळी २५ फूट, आणि नदी त्याच्या कितीतरी वर गेली. समा, हरणी, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, लोक दोन-दोन तीन-तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकून, लाइट नाही, खाली पाणी, आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधे मगरी. कंपाउंडच्या भिंतींवर एक मळकट आडवी रेघ दिसायची, कुठे माझ्या कमरेपर्यंत, कुठे खांद्याच्या वर. मी प्रत्येक ठिकाणी त्या रेघेशेजारी पोरीला उभी करून बघत होते. ती रेघ तिच्या डोक्यावरून गेली की मी पुढचं काही ऐकत नव्हते.

समा-सावली रोडचं असंच झालं. तो नवऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचा भाग होता, मंजुसरला सरळ रस्ता, नवी घरं, बाग, भरपूर शाळा, आणि मला फ्लॅट इतका आवडला होता की मनात सामान लावून झालं होतं. खाली उतरलो आणि सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं की भय्या, पाणी कुठपर्यंत आलं होतं. त्याने हात वर करून दाखवलं. एक सांगते, दलालाला पुराबद्दल विचारून उपयोग नाही, तो म्हणणार आपल्या गल्लीत नाही येत बेन, पुढच्या गल्लीत येतं. इस्त्रीवाला, मेडिकलवाला, वॉचमन यांना विचारा. मेडिकलवाल्याने मला सांगितलं की औषधं खालच्या किती फळ्यांवरची गेली, तेवढं मला पुरे झालं. आणि इमारतीतले लाइटचे मीटर बघा. ज्या सोसायटीत मीटर पुरानंतर वर उचलून लावलेत तिथे काय झालं असेल ते विचारायची गरजच नाही.

आता नदी खोल आणि रुंद करायचं काम २०२५ च्या मार्चपासून मोठ्या प्रमाणात झालंय, त्यामुळे पुढे फरक पडेल अशी सगळ्यांना आशा आहे आणि मलाही आहे. पण घर घेताना मी आशेवर नाही घेणार, रेघेवर घेणार.

कारेलीबागेत आत्याच्या नणंदेचं घर, तिथे खूप मराठी लोक, सासूबाईंना तिथेच राहावंसं वाटत होतं. जुना भाग, झाडं मोठी, सगळं पायी जाण्याजोगं. पण आम्हाला हवं तसं घर रिकामं नव्हतं, आणि जे होतं ते नदीकडच्या बाजूचं. नकाशातला मधला वाघोडिया रोडही बघितला, चांगला आहे, स्वस्त आहे, पण हायवेवर ट्रकची ये-जा आणि तो ओलांडून शाळा, ते मला नको होतं. छाणी वगैरे उत्तर-पश्चिमेकडे गेलोच नाही, तिकडे कारखान्यांचा पट्टा जवळ आणि सासूबाईंना दम्याचा त्रास आहे.

एक गोष्ट लिहायचं टाळत होते पण लिहिते. पश्चिमेकडच्या एका सोसायटीत सगळं ठरलं होतं, बाना म्हणजे टोकनचे पैसे द्यायचे एवढंच बाकी, आणि चेअरमननी आम्हाला बोलावून बसवलं, चहा दिला, आणि विचारलं की तुम्ही मराठी, म्हणजे नॉनव्हेज खाता का. मी म्हटलं घरात मासे होतात, आठवड्यातून एकदा. ते अगदी नम्रपणे म्हणाले मग आमच्याकडे नाही जमणार. कोणी ओरडलं नाही, अपमान केला नाही. पण सासूबाईंच्या तोंडाकडे बघवेना मला. त्या पंच्याहत्तरीच्या आहेत, कोकणातल्या, आयुष्यभर सोमवार-गुरुवार-शनिवार पाळून बाकीच्या दिवशी मासे केलेली बाई, तिला पहिल्यांदा कोणीतरी असं सांगितलं की तुमच्या स्वयंपाकघरामुळे तुम्ही इथे नको. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, मी सोडते मासे, तुम्ही घर घ्या. मी नाही म्हटलं. नवराही नाही म्हणाला. ज्या घरात यायला तिला काहीतरी सोडावं लागणार ते घर कुटुंबासाठी चांगलं कसं असेल, मला आजही हे कळत नाही. तुम्ही बाहेरून येत असाल तर हा प्रश्न पहिल्या दिवशी, पहिल्या फोनवर विचारून घ्या, सगळं ठरल्यावर चहा पिताना नको.

चौथ्या दिवशी आम्ही घरं बघणं थांबवलं आणि शाळा बघितल्या. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आणि शाळा बघताना आम्ही माझ्या ऑफिसच्या बाजूच्याच बघितल्या, कारण तोवर एक गोष्ट आम्हाला नीट दिसायला लागली होती, की नवरा मंजुसरला आहे तोवर तो अकराच्या फोनला धावून येऊ शकणार नाही, घर कुठेही असलं तरी. कंपनीची बस सकाळी घेऊन जाते आणि संध्याकाळी आणते, मधे त्याच्याकडे गाडीच नाही. शिवाय हायवेने यायचं तर त्यालाही नदी ओलांडावी लागते. मग मधोमध घर घेऊन फक्त मी लांब गेले असते, तो काही जवळ आला नसता.

आमचं यावर भांडण झालं, आत्याच्या गच्चीवर, हळू आवाजात. मी म्हणत होते की मग नेहमीसारखं बाईचंच ऑफिस जवळ, बाईच धावणार, बाईच रजा टाकणार, हे आपण ठरवून करतोय का. तो म्हणत होता की जवळ कोण आहे एवढंच बघ, बाई-पुरुष बघू नको, उद्या माझी नोकरी मकरपुऱ्यात आणि तुझी मंजुसरला असती तर मीच धावलो असतो. मला ते पटलं पण अर्धंच, आणि अर्धं अजूनही पटलेलं नाही. म्हणून आम्ही ठरवून वाटणी केली. अचानक आलेले फोन माझे, आणि ज्याची तारीख आधी माहीत असते ते सगळं त्याचं, पालकसभा, लसी, डॉक्टर, वह्या-पुस्तकं, शनिवार. त्याच्या रजा त्याने त्यासाठी ठेवायच्या. हे बोलून नसतं घेतलं तर जवळच्या घराने मला गिळलं असतं.

शाळांमधे मी दोन-तीन गोष्टी विचारल्या. एक, पावसात लवकर सोडताना निरोप कसा देता आणि मुलं न्यायला कोणी येईपर्यंत आत ठेवता की गेटवर. दुसरं, सहली. हरणीच्या तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, बडोद्यात हे कोणी विसरलेलं नाही, मी विचारल्यावर मुख्याध्यापिकांचा चेहराच बदलला आणि त्यांनी मला शांतपणे दहा मिनिटं सांगितलं की आता त्या काय काय करतात. ती शाळा मी तिथेच नक्की केली. ज्या शाळेत या प्रश्नावर हसून काही होत नाही हो म्हणाले तिथे परत गेले नाही.

तिसरं गुजराती. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सगळ्या शाळांत आहे, सीबीएसईतही. आमची पोरगी दुसरीत जाणार होती, तिला गुजरातीचा ग म्हणजे ग येत नव्हता. मी घाबरले होते. शिक्षिका म्हणाल्या मराठी मुलांना दिवाळीपर्यंत येतं, देवनागरी वाचता येते ना, झालं. आणि तसंच झालं. पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडून ती म्हणाली, आई, यांच्या अक्षरांवरची रेघ कुठे गेली? मग बसून दोघींनी कोणती अक्षरं आपल्यासारखी आणि कोणती वेगळी ते लिहून काढलं, तिच्याबरोबर मीही शिकले, आता दुकानांच्या पाट्या मीच तिला विचारत विचारत वाचते. वयाचंही बघून घ्या, इथे पहिलीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात, पुण्याच्या हिशोबाने आलात तर अडचण होऊ शकते.

शाळा मांजलपुरात मिळाली. मग घर शोधायला दीड दिवस लागला, फक्त. मांजलपूर म्हणजे भायलीसारखं नवं नाही. जुन्या टेनामेंट म्हणजे बैठी घरं, मधे मधे चार मजली फ्लॅट, दरबार चोकडी, तुळशीधामचा नाका, इव्हा मॉल, रस्त्यावर गायी, पार्किंगची मारामारी. पण रेल्वेच्या अलीकडे, माझ्या ऑफिसच्या बाजूला. माझं ऑफिस ॲक्टिव्हावर पंधरा मिनिटं, शाळा घरापासून पायी सात, सासूबाईंच्या पायांनी बारा. मधे ना गरनाळं ना नदी. मांजलपूरही सगळं सारखं नाही हं, वडसर पुलापलीकडे नदी जवळ आहे आणि तिकडे २०२४ ला फार वाईट झालं, म्हणून आम्ही पुलाच्या अलीकडे, दुसरा मजला, आणि भिंतीवर रेघ नसलेली इमारत घेतली. मालकांनी स्वतःहून सांगितलं की रस्त्यावर गुडघ्याएवढं साचतं तासभर, आत नाही आलं. कोणी स्वतःहून साचतं म्हणून सांगितलं की माझा विश्वास बसतो. आणि खालच्या मजल्यावर नाशिकच्या काकू आहेत, पहिल्याच दिवशी त्यांच्या खिडकीतून बोंबिलाचा वास आला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी सामान उचलायला माणसं बोलावली.

भाडं पुण्यातल्यापेक्षा बरंच कमी. करार अकरा महिन्यांचा, पोलिसांत भाडेकरूची नोंद करायची, ती मालकांनीच केली. पाइपचा गॅस आहे. फ्लॅट बघताना इथे सुपर बिल्टअपचा आकडा सांगतात, तो ऐकून भुलू नका, आत उभं राहून पलंग कुठे बसेल ते बघा. आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. मला आधी कळलं नाही आत्या हे का सांगतेय. उत्तरायणाला, १४ आणि १५ जानेवारीला, अख्खं शहर गच्चीवर असतं, आणि ज्या सोसायटीत गच्चीला कायम कुलूप आणि भाडेकरूंना मनाई, तिथे तुमचं मूल खाली उभं राहून दुसऱ्यांचे पतंग बघणार. आमच्याकडे किल्ली पहिल्या मजल्यावरच्या भाईंकडे असते, मागितली की मिळते.

नवऱ्याचं काय, तर त्याचं लांबच पडलं. सुसेन सर्कलला पावणेसातला बस पकडतो, तिथून हायवेने तरसाली, कपुराई, मग वाघोडिया, आजवा अशा चोकड्या मोजत दुमाड, आणि मग सावली रोड. तासाच्या आत-बाहेर. सुरुवातीला दमायचा, आता बसमधे झोपतो नाहीतर वाचतो. गाडी स्वतः चालवायची असती तर मी हे घर कधीच घेऊ दिलं नसतं. ज्याची नोकरी लांब त्याला कंपनीची बस आहे की नाही, आणि ती नेमकी कोणत्या नाक्यावर थांबते, हे नोकरीच्या पत्रावर सही करायच्या आधी विचारा. आम्ही नशिबाने विचारलं होतं.

सासूबाईंसाठी मला धास्ती होती, की दिवसभर घरात एकट्या, भाषा नाही. पण इथे भाषेचा प्रश्न तसा येतच नाही, भाजीवाला मराठीत भाव सांगतो, निदान समजतो तरी. महिन्यातून एकदा आत्या येते आणि दोघी मांडवीकडे जातात, विठ्ठल मंदिर, आणि मग सेंट्रल लायब्ररी. १९१० ची लायब्ररी, सयाजीरावांची, लोखंडी कपाटं आणि वरच्या मजल्यांना काचेची जमीन, आणि मराठी पुस्तकांच्या रांगाच्या रांगा. सासूबाई पहिल्यांदा तिथून आल्या तेव्हा दोन दिवस त्याबद्दलच बोलत होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या की २०१८ ला इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा त्या तिन्ही दिवस गेल्या होत्या. सासूबाईंना तेव्हा वाटलं असावं की आपण परक्या गावात आलेलो नाही, कारण त्यानंतर त्यांनी पुण्याच्या घराच्या किल्ल्या पर्समधून काढून कपाटात ठेवल्या.

जूनमधे राहायला आलो. पोरगी वर्धीने शाळेत जाते, वर्धी म्हणजे शाळेची व्हॅन, हा शब्दही इथेच शिकले. सात मिनिटांच्या शाळेला व्हॅन कशाला असं मलाही वाटलं, पण सकाळी सासूबाईंना घाई नको आणि तिला व्हॅनमधे मैत्रिणी मिळाल्या.

आणि तो फोन आला. जुलैच्या शेवटी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, पाऊस सकाळपासून धरलेला, शाळेचा निरोप की लवकर सोडतोय. ऑफिसात साहेबांना सांगितलं, रेनकोट घातला, निघाले. रस्त्यावर पाणी होतं, ॲक्टिव्हाचं चाक अर्धं बुडत होतं, एका ठिकाणी उतरून ढकलली. वीस-बावीस मिनिटांत गेटवर होते. मुलं आत हॉलमधे बसवली होती, सांगितलं होतं तसंच. पोरगी दप्तर छातीशी धरून बसली होती, मला बघून उठली आणि पहिलं म्हणाली, काळा घोडा किती झालं गं आई? तिच्या व्हॅनमधल्या मैत्रिणीने शिकवलं होतं. संध्याकाळी नवऱ्याचा फोन, बस हायवेवर थांबलेली, किती वेळ लागेल माहीत नाही, ती तुझ्याजवळ आहे ना एवढंच विचारलं त्याने. तो त्या दिवशी साडेनऊला घरी आला.

शनिवारी वर्धी बंद असते. शनिवारी तो तिला सोडतो आणि आणतो, दोघं येताना सेव उसळ खाऊन येतात आणि मला सांगत नाहीत, पण तिच्या युनिफॉर्मवर लाल तर्रीचा डाग असतोच.